चूक केव्हा कळते?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की शिक्षकांना वार्षिक नियोजन लिहून द्यावे लागते. कोणत्या महिन्यात कोणता घटक, त्याला किती तासिका, घटक चाचणी केव्हा, हे सगळे मुलांची नावेही पाठ होण्याआधी कागदावर येते. पुढे काय होते ते वाचकांना आम्ही सांगायला नको. ऑगस्टमध्ये अपूर्णांकांपाशी वर्ग अडतो. बघावे तर मुलांना मुळात भागाकारच पक्का येत नसतो. आता शिक्षकांपुढे दोन वाटा असतात. टाचणाप्रमाणे पुढे सरकायचे, म्हणजे अभ्यासक्रम वेळेवर ‘पूर्ण’ होतो. किंवा थांबून भागाकाराकडे वळायचे आणि नियोजनात खाडाखोड करायची, म्हणजे मुलांना गणित येते, पण मुख्याध्यापकांना उत्तर द्यावे लागते.

संगणकाच्या आज्ञावल्या तयार करणाऱ्या, किंवा करवून घेणाऱ्या, मोठ्या संस्थांपुढेही साधारण याच दोन वाटा असतात. पहिलीला नियोजनबद्ध पद्धत म्हणतात, दुसरीला ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ पद्धत. गेल्या पंचवीसेक वर्षांत जगभरच्या असंख्य संस्था पहिल्या वाटेवरून दुसरीकडे वळल्या, किंवा वळल्याचे त्यांनी जाहीर तरी केले. या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. हे वळण अवघड का असते ते आपण या लेखात पाहू. त्यासाठी संगणकाची भाषा येण्याची गरज नाही. वीस नाणी मात्र लागतील.

जिन्यावरून उतरणारे पाणी

समजा, एखाद्या बँकेला नवी संगणक-प्रणाली हवी आहे. नियोजनबद्ध पद्धतीत प्रथम बँकेतल्या लोकांशी बोलून काय काय हवे याची सविस्तर यादी करतात. यादीवर सह्या झाल्या की प्रणालीचा आराखडा तयार होतो. आराखडा मंजूर झाला की आज्ञावली लिहायला घेतात. ती पूर्ण झाली की चाचणी, आणि सर्वांत शेवटी ती बँकेच्या हाती. एक टप्पा संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही आणि मागे वळणे कोणालाच आवडत नाही. पाणी जिन्यावरून पायरी पायरीने खाली येते तसे काम खाली येते, म्हणून या पद्धतीला ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, असेही नाव पडले.

या नावामागची हकीकत मजेदार आहे. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने मोठ्या संगणक-प्रणाली कशा उभाराव्यात यावर एक निबंध लिहिला. त्यात जिन्यासारख्या उतरत्या सात चौकटींची आकृती होती. तीच पुढे धबधब्याची मूळ आकृती म्हणून पाठ्यपुस्तकांतून प्रसिद्ध झाली. पण रॉइसने निबंधात धबधबा हा शब्द वापरलेलाच नाही. शिवाय आकृतीपाठोपाठ त्याने बजावले होते, की असे काम करणे धोक्याचे आहे, कारण चाचणी अगदी शेवटी येते आणि तेव्हा दोष सापडला तर पार पहिल्या पायरीपर्यंत परत चढावे लागते. नवीन प्रकारची प्रणाली असेल तर ती आधी एकदा लहान प्रमाणावर करून बघा, असा त्याचा सल्ला होता. आकृती सोपी होती, ती लोकांच्या लक्षात राहिली. इशारा मागे पडला.

म्हणून नियोजनबद्ध पद्धत मूर्खपणाची आहे असे मात्र कोणी समजू नये. पूल बांधायचा असेल तर आधी नदीचे पात्र, पुराची पातळी, खडकाची खोली यांचा पूर्ण अभ्यास करून मगच पाया घालावा लागतो. तीन खांब उभे राहिल्यावर ‘पूल जरा पलीकडे हवा होता’ असे म्हणून चालत नाही. सिमेंट एकदा घट्ट झाले की झाले. जिथे बदल करणे महाग आणि गरज आधीपासून स्पष्ट, तिथे आधी सगळे ठरवणे हेच शहाणपणाचे.

आज्ञावलीत सिमेंट नसते. ओळ खोडून दुसरी लिहायला साहित्याचा खर्च शून्य. गरज मात्र क्वचितच स्पष्ट असते. बँकेतल्या लोकांना काय हवे ते विचारले की ते प्रामाणिकपणे सांगतात. पण प्रणाली डोळ्यांपुढे चालताना पाहिली की म्हणतात, ‘हे असे नको होते.’ यात लबाडी नसते. शिंपी कोट शिवताना कच्चे टाके घालून एकदा अंगावर चढवून बघतो, दुकानात त्याला ट्रायल म्हणतात. मापे तर त्याने आधीच घेतलेली असतात. तरीही खांद्यापाशी कुठे ओढते ते कोट अंगावर आल्यावरच कळते.

नाण्यांचा खेळ

आता वर्गात हा खेळ करून पाहा. अ‍ॅजाइल शिकवणाऱ्यांत तो फार लोकप्रिय आहे. चार मुलांना एका ओळीत बसवा. पाचवा मुलगा शेवटी उभा राहील, तो ग्राहक. पहिल्या मुलापुढे वीस नाणी काटा वर करून ठेवा. प्रत्येकाने एकेक नाणे उलटायचे आणि पुढच्याकडे सरकवायचे. नाणे उलटायला एक सेकंद लागतो असे धरू.

पहिल्या फेरीत वीसही नाणी उलटून झाल्यावरच गठ्ठा पुढे द्यायचा. प्रत्येकाला २० सेकंद, म्हणजे ग्राहकाच्या हाती ८० सेकंदांनी सगळी नाणी एकदम येतात. दुसऱ्या फेरीत पाच पाच नाण्यांचे गठ्ठे करा. पहिली पाच नाणी २० सेकंदांत पोहोचतात आणि शेवटची ३५ सेकंदांत. तिसऱ्या फेरीत एकेक नाणे सरकवा. पहिले नाणे चौथ्या सेकंदाला पोहोचते, शेवटचे तेविसाव्या. मुलांना विचारा, कोणी जास्त वेगाने काम केले का? कोणीच नाही. तिन्ही फेऱ्यांत प्रत्येकाने २० सेकंदच काम केले. कमी झाले ते फक्त ताटकळणे.

पण या खेळातला खरा मुद्दा वेळेचा नाही. ग्राहकाला गुपचूप सांगून ठेवा, की त्याला नाणी छापा वर असलेली हवी आहेत. काटा वर असलेले नाणे चार वेळा उलटले की पुन्हा काटाच वर येतो! प्रत्येकाने आपले काम सूचनेप्रमाणे बिनचूक केले, तरी निकाल चूक. नाणे हाती आल्याबरोबर ग्राहक ‘थांबा’ म्हणेल. तोवर किती उलटणी वाया गेली? वीसच्या गठ्ठ्यात ८०. पाचच्या गठ्ठ्यात विसाव्या सेकंदापर्यंत पहिल्याने २०, दुसऱ्याने १५, तिसऱ्याने १० आणि चौथ्याने ५ नाणी उलटलेली असतात, एकूण ५०. एकेक नाणे सरकवले तर ४, ३, २ आणि १, म्हणजे फक्त १०. चूक तिन्ही वेळा तीच आहे. ती कळण्याची वेळ तेवढी वेगळी.

मग नेहमी एकेकच नाणे का सरकवू नये? कारण आपण एक खर्च धरलेला नाही. समजा, गठ्ठा कितीही नाण्यांचा असला तरी तो पुढे देण्यात दर वेळी ३ सेकंद जातात. नाणी मोजायची, वहीत नोंद करायची, सही घ्यायची, वगैरे. याला आपण हातबदलाचा खर्च म्हणू. आता २० चा एकच गठ्ठा केला तर एकूण ९२ सेकंद लागतात. एकेक नाणे सरकवले तरी ९२ सेकंदच लागतात! १० चे किंवा २ चे गठ्ठे केले तर ६५, आणि ५ चे किंवा ४ चे केले तर ५६. हे हिशेब आठवी-नववीची मुले सहज करतील. एका गठ्ठ्यात ग नाणी असतील तर एकूण वेळ (२०/ग + ३) × (ग + ३) इतका येतो. हातबदलाचा खर्च ३ वरून अर्ध्या सेकंदावर आणला तर काय होते तेही काढायला सांगा. दुसऱ्या कंसातल्या ३ च्या जागी ०.५ घालायचे. मग सर्वांत सोयीचा गठ्ठा २ नाण्यांचा होतो आणि वेळ ३२.५ सेकंदांवर येतो.

म्हणजे लहान गठ्ठ्यांनी काम करायचे असेल तर आधी हातबदल स्वस्त करावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. संस्था वळताना जिथे ठेच खातात ती जागा हीच आहे.

सतरा जण आणि एक जाहीरनामा

लहान गठ्ठ्यांनी काम करण्याची कल्पना काही नवी नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी नासाच्या मर्क्युरी प्रकल्पातील आज्ञावलीकार अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांनी काम करत. अंतराळ-शटलची मुख्य आज्ञावली काटेकोर नियोजनाचा नमुना मानली जाते, पण तीही १९७७ ते १९८० या काळात ३१ महिन्यांत १७ हप्त्यांनी तयार झाली. १९९० च्या दशकात अशा अनेक पद्धती वेगवेगळ्या नावांनी पुढे आल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांचे सतरा पुरस्कर्ते अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे जमले, त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला आणि या साऱ्या कुळाला अ‍ॅजाइल हे नाव मिळाले.

प्रत्यक्ष काम साधारण असे चालते. सगळ्या गरजा लहान लहान तुकड्यांत लिहितात. अशा तुकड्याला ‘स्टोरी’ म्हणतात. उदाहरणार्थ, ‘खातेदाराला आपल्या शेवटच्या दहा नोंदी पाहता याव्यात.’ स्टोरी महत्त्वाच्या क्रमाने लावतात. बहुधा दोन आठवड्यांची एक फेरी असते, तिला ‘स्प्रिंट’ म्हणतात. फेरीच्या सुरुवातीला वरच्या काही स्टोरी उचलायच्या, आणि शेवटी त्या आज्ञावली लिहून, तपासून, चालत्या स्थितीत ग्राहकाला दाखवायच्या. नव्वद टक्के झालेली स्टोरी शून्य धरतात. ग्राहक काय म्हणतो ते ऐकून पुढच्या फेरीची यादी बदलते. नियोजन इथेही असतेच, किंबहुना जास्तच असते. फक्त ते वर्षातून एकदा न होता दर पंधरवड्याला होते.

एफबीआयच्या फायली

वीस नाण्यांपुरते हे ठीक आहे. तीस हजारांहून अधिक माणसांच्या सरकारी संस्थेने अशी वाट बदलायची म्हणजे काय, याचे एक उदाहरण पाहू. अमेरिकेची तपास संस्था एफबीआय हिची ही हकीकत तिथल्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालांत तपशिलाने नोंदलेली आहे.

एफबीआयने १९९५ साली तपासाची कागदपत्रे ठेवण्यासाठी एक संगणक-प्रणाली बसवली होती. ती इतकी किचकट होती की अधिकारी शक्यतो कागदी फायलींवरच विसंबत. तिच्यात शोध घेणेही जिकिरीचे. ‘विमान’ हा शब्द शोधता येई, ‘शाळा’ हाही शोधता येई, पण ‘विमान शाळा’ असे एकत्र शोधता येत नसे. स्नोबर्डची बैठक संपल्यावर पाचच दिवसांनी, १८ फेब्रुवारी २००१ रोजी, रॉबर्ट हॅन्सन या एफबीआयच्याच अधिकाऱ्याला रशियासाठी हेरगिरी केल्याबद्दल अटक झाली. आपल्यावर कोणाचा संशय आहे का हे पाहायला तो याच प्रणालीत स्वतःचे नाव शोधत असे आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. तेव्हा संशयितांची छायाचित्रे इ-मेलने धाडण्याची सोय नसल्याने ती कुरियरने पाठवावी लागली.

नवी प्रणाली हवी यावर दुमत नव्हते. जून २००१ मध्ये एसएआयसी या कंपनीला काम दिले गेले. प्रणालीचे नाव ठरले ‘व्हर्च्युअल केस फाइल’. गरजांचा दस्तऐवज आठशे पानांच्या वर गेला. तरी गरजा बदलतच राहिल्या, कारण ११ सप्टेंबरनंतर संस्थेचे कामच बदलले होते. जुनी प्रणाली एके दिवशी बंद करायची आणि नवी त्याच क्षणी सर्वत्र सुरू करायची, असा बेत होता. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ साली या बेतावर कडक आक्षेप घेतला. त्याआधी डिसेंबर २००३ मध्ये सुमारे सात लाख ओळींची आज्ञावली एफबीआयच्या हाती आली होती आणि एफबीआयने ती सदोष म्हणून नाकारली होती. २००५ साली प्रकल्प गुंडाळला गेला. १७ कोटी डॉलर खर्ची पडले होते. वीस नाण्यांचा एकच गठ्ठा ग्राहकाच्या हाती आला तो असा.

दुसऱ्या खेपेला एफबीआय सावध होती. मार्च २००६ मध्ये ‘सेंटिनेल’ नावाने नवा प्रकल्प सुरू झाला. काम लॉकहीड मार्टिन कंपनीकडे, एकूण अंदाज ४२.५ कोटी डॉलर, मुदत डिसेंबर २००९. या वेळी एकदम सगळे न करता चार टप्पे पाडले होते. पाच पाच नाण्यांचे गठ्ठे म्हणा ना. पहिला टप्पा जून २००७ मध्ये आला. दुसरा मात्र रेंगाळत गेला. प्रत्येक टप्प्याच्या आत पुन्हा तीच पद्धत होती: आधी सविस्तर गरजा, मग आराखडा, मग लेखन, शेवटी चाचणी. टप्प्याटप्प्यावर परीक्षणे आणि मंजुऱ्या. गठ्ठे लहान केले, पण हातबदल पूर्वीइतकाच महाग राहिला.

जुलै २०१० मध्ये एफबीआयने काम थांबवण्याचा आदेश दिला. तोवर अंदाजपत्रक ४५.१ कोटी डॉलरपर्यंत वाढले होते आणि त्यातले सुमारे ४०.५ कोटी खर्च झाले होते. चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. कामकाजाच्या १८ नमुन्यांपैकी फक्त ४ संगणकावर भरता येत, आणि तेही वरिष्ठांच्या सहीसाठी छापून काढावे लागत! काम असेच पुढे नेले तर आणखी ३५.१ कोटी डॉलर आणि किमान सहा वर्षे लागतील, असा अंदाज मायटर या संस्थेने दिला. एफबीआयला तो मान्य नव्हता. पण पूर्वीच्याच वाटेने जाणे आता शक्य नाही, हे तिलाही दिसत होते.

वळण

सप्टेंबर २०१० मध्ये एफबीआयने जाहीर केले, की उरलेले काम ती स्वतःच्या देखरेखीखाली अ‍ॅजाइल पद्धतीने करील. कंत्राटदारांची माणसे सुमारे २२० वरून ४० वर आणायचे ठरले. उरलेल्या गरजा ६७० स्टोरींत लिहून काढल्या आणि दोन दोन आठवड्यांच्या स्प्रिंट सुरू झाल्या. फेरी संपली की काय चालते ते अधिकाऱ्यांना दाखवायचे. मुदत ठरली सप्टेंबर २०११.

ती मुदत पाळली गेली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये निरनिराळ्या कार्यालयांतील शेकडो लोकांना काही तास एकाच वेळी प्रणाली वापरायला दिली, तेव्हा ती दोनदा बंद पडली. आधी खरेदी केलेली यंत्रे एवढा भार पेलत नव्हती. नवी यंत्रे घ्यावी लागली आणि मुदत आणखी पुढे गेली. अखेर १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल सर्व कार्यालयांत सुरू झाली, ४५.१ कोटी डॉलरच्या मर्यादेत.

अ‍ॅजाइलच्या प्रचारकांना ही गोष्ट फार आवडते. चार वर्षांत जे झाले नाही ते दोन वर्षांत झाले, असे ते सांगतात. आम्ही थोडे बेताने बोलू. ४०.५ कोटी डॉलर फुकट गेले होते असे नाही, त्यात घेतलेली यंत्रे आणि तयार झालेले काही भाग पुढे उपयोगी पडले. आधीच्या दोन खेपांत काय करू नये याचे शिक्षणही झाले होते. शिवाय एकच प्रकल्प दोन पद्धतींनी शेजारी शेजारी करून तुलना करता येत नाही. प्रयोगशाळेत आम्ही याला पुरावा म्हणणार नाही. पण एक फरक स्पष्ट दिसतो. पहिल्या खेपेला प्रणाली उपयोगाची नाही हे कळायला अडीच वर्षे लागली. तिसऱ्या खेपेला काम मागे पडते आहे हे दर पंधरवड्याला उरलेल्या स्टोरी मोजून दिसत होते. यंत्रे अपुरी आहेत हेही काही तासांच्या चाचणीत कळले, आणि तेव्हा हजारो अधिकारी त्या प्रणालीवर अवलंबून नव्हते.

आणि बदलले नेमके काय? नुसती पंधरवड्याची फेरी नव्हे. निर्णय घेणारी माणसे आज्ञावली लिहिणाऱ्यांजवळ आली. पूर्वी एखादी गरज बदलायची म्हणजे करारात बदल, त्याची किंमत ठरवणे, दोन्हीकडच्या सह्या. आता दोन आठवड्यांनी यादीत वरखाली करणे पुरेसे झाले. प्रगती मोजायचे मापही बदलले. आराखड्याची किती पाने मंजूर झाली हे कोणी विचारीना, किती स्टोरी चालतात हे विचारू लागले. हातबदलाचा खर्च उतरला तो इथे.

आपल्याकडच्या कार्यालयांत

पुणे, मुंबई आणि नागपूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आपले अनेक माजी विद्यार्थी काम करतात. त्यांना विचारलेत तर बहुतेक जण सांगतील, की आम्ही अ‍ॅजाइलच आहोत. रोज सकाळी उभ्याने पंधरा मिनिटांची बैठक होते, स्प्रिंट असतात, भिंतीवर किंवा पडद्यावर स्टोरींच्या चिठ्ठ्या असतात. थोडे आणखी विचारावे. करार कसा आहे? बऱ्याचदा तो ठरावीक रकमेचा आणि ठरावीक यादीचा असतो, म्हणजे यादी बदलायला वाव नाही. चाचणी कोण करते? वेगळा विभाग, शेवटच्या महिन्यात. ग्राहक स्प्रिंटच्या शेवटी काम बघतो का? तो दुसऱ्या खंडात असतो, तीन महिन्यांनी एकदा बघतो. मग ही चपळाई कसली? एकेक नाणे सरकवायचे आणि दर नाण्याला तीन सेकंदांची नोंद ठेवायची, त्याचे ९२ सेकंद होतात हे आपण पाहिलेच. कामगार दमतात, काम होते तेवढेच होते. आणि सकाळची बैठक म्हणजे उभ्याने घेतलेली हजेरी ठरते.

हातबदल स्वस्त करण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे चाचणी यंत्राकडे सोपवणे. आज्ञावलीचा तुकडा लिहितानाच तो बरोबर चालतो का हे तपासणारी दुसरी छोटी आज्ञावली लिहून ठेवायची. अशा हजारो तपासण्या काही मिनिटांत होतात. मग कालच्या बदलाने जुने काही बिघडले का हे आजच कळते. जिथे एका चाचणीला माणसांचे तीन आठवडे लागतात तिथे दोन आठवड्यांची स्प्रिंट ठेवणे हा साधा अंकगणिताचाच घोटाळा आहे. पण तपासण्या लिहिण्यात सुरुवातीचे कित्येक महिने जातात आणि त्या काळात दाखवायला नवे काही नसते. हा काळ सोसण्याची वरिष्ठांची तयारी नसेल तर वळण तिथेच थांबते.

मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांचा प्रश्न वेगळाच. कोणी काय कधी करायचे हे ठरवणे हेच ज्यांचे काम होते, त्यांना आता ते काम गट स्वतः करील असे सांगितले जाते. त्यांनी विरोध केला तर नवल नाही. ‘माणसे बदलाला घाबरतात’ असे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे असते, पण नव्या व्यवस्थेत त्यांचे काम काय, बढती कशावर, हे बहुतेक ठिकाणी कोणी लिहूनच ठेवलेले नसते.

सगळ्यांनीच वळावे असेही नाही. ‘नियोजनबद्ध’ आणि ‘अ‍ॅजाइल’ अशी जोडी मांडून बॅरी बोह्म आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ साली एक पुस्तक लिहिले. गट केवढा, चुकीची किंमत केवढी, गरजा किती वेगाने बदलतात, माणसे किती अनुभवी आणि संस्थेचा स्वभाव कसा, या पाच गोष्टी पाहून दोन्हींचे मिश्रण ठरवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. हृदयाचा ठोका नियमित ठेवणाऱ्या यंत्राची आज्ञावली रुग्णाच्या छातीत बसवून ‘वापरून बघा आणि सांगा’ असे म्हणता येत नाही. पण त्या यंत्राच्या कारखान्यातही प्रयोगशाळेच्या आत लहान गठ्ठ्यांनी काम करायला काही हरकत नसते.

सेंटिनेलची पुढची हकीकत सांगून थांबू. २०१४ साली महानिरीक्षकांनी ती वापरणाऱ्यांची मते घेतली. एकंदरीत कामावर चांगला परिणाम झाला, असे बहुतेकांचे मत पडले. फायली आता एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत जात नव्हत्या. देखभाल आणि सुधारणा धरून अंदाजपत्रक मात्र ५५ कोटी डॉलरच्या वर गेले होते. आणि मोठी तक्रार होती ती शोध घेण्याच्या सोयीबद्दल. हवा तो कागद प्रणालीत असे, पण शोधला की सापडेलच याची खात्री नव्हती.